जुन्या स्पोर्ट्स कारचं खालचं पॅनल लटकतंय? ते नीट कसं बसवायचं

गाडीने स्पीड पकडला की पोटाखालून फडफड ऐकू येते आणि स्पीड कमी केला की बंद, किंवा स्पीड ब्रेकरवरून उतरताना काहीतरी खर्र करून घासतं, तर लगेच सस्पेन्शन गेलं म्हणून घाबरू नका, आधी वाकून खालचं प्लास्टिकचं कव्हर बघा. वीस-पंचवीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हे होणारच, कारण गाडी मुळातच जमिनीला टेकलेली, त्यात प्रत्येक ऑइल चेंजला ते कव्हर काढलं जातं आणि लावताना दोन बोल्ट कमी लागतात, मग उरलेल्या बोल्टांवर सगळा ताण, मग त्यांची भोकं फाटतात, आणि असं करत करत अख्खं पॅनल दोन झिप टायवर येऊन थांबतं.

"काढून फेकून दे रे, काय फरक पडतो" असं सांगणारे भरपूर भेटतील. फरक पडतो. पहिल्या जनरेशनच्या मझदा मियाटाचंच बघा, रेडिएटरखाली जो ट्रे असतो तो हवेला खालून निसटू न देता रेडिएटरमधून जायला लावतो, तो नसला की हायवेवर टेंपरेचर वर चढू शकतं आणि मालक बिचारा थर्मोस्टॅट बदलत बसतो. उलटं उदाहरणही आहे, पोर्शची ९६४, म्हणजे १९८९ मध्ये आलेली ९११, तिच्या इंजिनाखालचा ट्रे बरेच मालक मुद्दाम काढतात कारण एअर-कूल्ड इंजिनाची उष्णता आत अडकते असं त्यांचं म्हणणं. म्हणजे काढायचंच असेल तर आपल्या मॉडेलची माहिती काढून काढा, बोल्ट सापडत नाही म्हणून नको.

आता सगळ्यात आधी बघायचं ते हे की कुठली कड सुटलीये. मागची कड सुटली असेल तर आवाज येईल, थोडं घासेल, पण हळू चालवत घरी पोचता येतं. पुढची कड सुटली असेल तर मात्र तशीच गाडी दामटू नका, समोरची हवा सरळ त्या फटीत घुसते, पॅनल खाली वाकतं, रस्त्याला टेकतं आणि उरलेले बोल्ट उपटून चाकाखालीसुद्धा जाऊ शकतं. रस्त्यात असाल तर जाड झिप टाय मारा, सायलेन्सरच्या जवळ असेल तर झिप टाय वितळतो म्हणून तिथे तार वापरा, आणि तेही जमत नसेल तर पॅनल पूर्ण काढून डिकीत टाका आणि टेंपरेचरच्या काट्यावर नजर ठेवून सावकाश जा.

गाडी वर घेताना कंटाळा करू नका, या कामात जीवावर बेतणारी गोष्ट ही एकच आहे. सपाट, कडक जमीन, हँडब्रेक, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून ओट. गाडी इतकी खाली असते की जॅक आतच जात नाही, तेव्हा आधी चाकं जाड फळ्यांवर चढवून घ्या मग जॅक सरकेल. जॅक फक्त उचलायला, नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोकंही घालायचं नाही, गाडी पेलायला जॅक स्टँड वापरा, ते गाडीच्या कंपनीने ठरवून दिलेल्या जॅकिंग पॉइंटखालीच लावा आणि आत जायच्या आधी गाडीला हाताने जोरात हलवून बघा. सायलेन्सर गार होऊ द्या. गॉगल घाला, कारण पॅनल खाली आलं की वर्षानुवर्षांची माती सरळ डोळ्यात येते.

काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, कुठलं पॅनल कुठल्याच्या वर आहे ते दिसेल असे. मग एक पुठ्ठा घ्या, त्यावर पॅनलचा साधारण आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवा, कारण बोल्टांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर वरच्या पाइपला किंवा वायरिंगला टेकू शकतो. बरेचसे बोल्ट एम६ म्हणजे ६ मिमी जाडीचे असतात, १० चा पाना लागतो. गंजलेले असतील तर एकदम ताकद लावू नका, वायर ब्रशने घासा, पेनिट्रेटिंग ऑइल मारून चहा पिऊन या, मग आधी किंचित घट्ट करून बघा आणि मग सैल, पुढे-मागे असं करत सोडवा. ब्रेक आणि पेट्रोलच्या लाइन तिथूनच जातात त्यामुळे गॅसच्या टॉर्चने तापवायची आयडिया सोडून द्या. आतला नटच बोल्टबरोबर गरागरा फिरत असेल तर बोल्टचं डोकं ड्रिलने उडवा, पॅनल निघालं की मागून लॉकिंग पक्कडीने धरून उरलेलं काढता येतं. प्लास्टिकची दाबायची क्लिप असेल तर मधली पिन आधी बाहेर ओढायची, मग क्लिप निघते, आणि जुनी क्लिप परत लावायच्या भानगडीत पडू नका, नवीन पाकीट आणा. काही पॅनलना पाव वळशात सुटणारे फासनर असतात, ते ९० अंश फिरवले की सुटतात, जास्त फिरवाल तर तुटतील.

पॅनल धुऊन स्वच्छ करा. धुताना वरच्या बाजूला ऑइल दिसलं तर आधी लीक शोधा, कारण ऑइलने भिजत राहिलेलं प्लास्टिक मऊ पडतं. आवाज कमी करायचा फोम चिकटवलेला असेल आणि तो ऑइलने चिंब झाला असेल तर सरळ फेका, गरम सायलेन्सरच्या शेजारी ती आगीची सोय आहे.

आता भोकं बघा, एकेक भोक, घाई न करता. काही भोकं गोल असतात आणि काही लांबट. लांबट दिसलं की फाटलंय असं समजू नका, बऱ्याचदा कंपनीनेच तसं दिलेलं असतं, कड गुळगुळीत असेल तर ते मूळचं, कड दातेरी, पांढरी पडलेली, बारीक चिरा गेलेल्या असतील तर फाटलेलं. लांबट देण्याचं कारण असं की प्लास्टिक गरम झालं की वाढतं, एक मीटर लांबीच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पॅनलचं तापमान ५० डिग्रीने वाढलं तर लांबी ४-५ मिमीने सहज वाढते, आणि खाली इंजिन तापतं म्हटल्यावर हे रोजचंच आहे. त्या वाढीला जागा नसेल तर पॅनल मध्ये फुगतं किंवा बोल्टपाशी फाटतं. म्हणून हे पॅनल आवळून टाकायचं नसतं, धरून ठेवायचं असतं, आणि बहुतेक रिपेअर फेल जातात त्या इथेच, सुटलं म्हणून आणखी आवळलं, आवळलं म्हणून आणखी फाटलं.

आधी गाडीच्या बाजूचं काम करा, कारण तिकडे आटे गेलेले असतील तर पॅनल कितीही छान जोडा, उपयोग नाही. पत्र्यावर चढवलेला क्लिप नट असेल तर तो बदला, दोन मिनिटांचं काम आहे. आटे नुसते गंजाने आणि मातीने भरले असतील तर एम६ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हळूच फिरवून साफ करा. नट वेल्ड केलेला होता आणि तुटून गेला, किंवा आधीच्या मालकाने भोक मोठं करून ठेवलंय, तर रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखा पत्र्यात दाबून बसवायचा नट मारा, एम६ ला साधारण ९ मिमीचं भोक लागतं पण आकडा पाकिटावर बघूनच ड्रिल करा, ड्रिल आत जाऊन काय टेकेल ते आधी वाकून बघा, आणि भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर लावा नाहीतर गंज तिथूनच सुरू होणार. चेसिसच्या मुख्य मेंबरला मनाने नवीन भोकं पाडू नका. लोटस एलिससारखी ॲल्युमिनियम चेसिस असेल तर आणखी जपून, स्टीलला टेकलेलं ॲल्युमिनियम ओलं राहिलं की लवकर गंजतं, तिथे बोल्ट अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावल्याशिवाय बसवू नका.

आणि ते सेल्फ टॅपिंग स्क्रू, कृपा करून नको. मिळेल तिथे स्क्रू हाणून पॅनल बसवलेल्या जुन्या गाड्या ढिगाने दिसतात, पुढच्या वेळी तो स्क्रू धरत नाही म्हणून त्याच भोकात आणखी जाड स्क्रू, आणि आतलं टोक कुठे घुसलंय ते देवालाच माहीत.

मग पॅनल. मागच्या बाजूला दोन टोकेरी कंसांमध्ये मटेरियल छापलेलं असतं, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीई (पॉलिइथिलीन), एबीएस (आणखी एक कडक प्लास्टिक) असं काहीतरी. छाप दिसत नसेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यातून छोटा तुकडा कापून पाण्यात टाका, साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. हे बघायचं कारण, पीपीवर फेविक्विक, एपॉक्सी, काही धरत नाही, आज चिकटल्यासारखं वाटेल आणि पहिल्या खड्ड्यात निघेल, ते वितळवूनच जोडावं लागतं. एबीएस असेल तर त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून घट्ट पेस्ट करा, चिरेत भरा, रात्रभर सुकू द्या, मस्त धरतं.

पीपीची चीर जोडायची असेल तर चीर जिथे संपते तिथे आधी ३ मिमीचं छोटं भोक पाडा, नाहीतर तुम्ही इकडे जोडत राहाल आणि चीर तिकडे पुढे पळत राहील. चिरेवर कानशीने किंवा ड्रेमेलने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करा, सोल्डरिंग आयर्नने दोन्ही कडा वितळवून एकत्र आणा, स्टीलच्या जाळीची पट्टी गरम करून प्लास्टिकमध्ये बुडेल इतकी दाबा आणि वरून त्याच प्लास्टिकची रॉड वितळवून भरा. प्लास्टिक पातळ आणि चमकदार झालं पाहिजे, धूर निघून काळं पडायला लागलं तर आयर्न जास्त गरम आहे, जळालेलं प्लास्टिक काही पकडत नाही. हे उघड्या हवेत आणि मास्क लावून. पॅनल फायबरग्लासचं असेल तर काम वेगळं, वरच्या बाजूने पॉलिश पेपरने घासून काचतंतूंची मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे, त्याची धूळ घशात आणि हातात दोन्हीकडे टोचते.

बोल्टचं भोक थोडंसंच फाटलं असेल तर मडगार्ड वॉशर, म्हणजे एम६ चा २५-३० मिमी रुंद वॉशर, एक वर एक खाली, झालं काम. भोकाचा अख्खा कोपराच गेला असेल तर दीड मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी कापा, कोपरे गोल करा, पॅनलच्या वरच्या बाजूला ठेवून पॉप रिव्हेट मारा, प्लास्टिकच्या बाजूला रिव्हेटखाली वॉशर हवाच नाहीतर रिव्हेट प्लास्टिकमधून आरपार येईल. मग त्या पट्टीत नवीन भोक, आणि तेही थोडं लांबट.

सगळ्यात भारी उपाय मात्र बुशचा आहे. भोकात धातूची छोटी नळी बसवा, जिची लांबी पॅनलच्या जाडीपेक्षा केसभर जास्त असेल, तिच्यावर रुंद वॉशर आणि मग बोल्ट. बोल्ट आवळला की तो नळीवर बसतो, प्लास्टिकवर नाही, पॅनल धरलेलं राहतं पण गरम झाल्यावर सरकूही शकतं. भोक नळीपेक्षा एक-दोन मिमी मोठं ठेवा, एका मधल्या बोल्टला सोडून, तो एक पॅनलची जागा पक्की धरतो, बाकीचे सरकू देतात. जुन्या पॅनलचे असे बुश बऱ्याचदा काढताना खाली पडून हरवलेले असतात आणि हरवलेत हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

परत लावताना पॅनलचा क्रम घराच्या कौलांसारखा, फक्त इथे पाण्याऐवजी हवा: पुढच्या पॅनलची मागची कड रस्त्याच्या बाजूला, आणि मागच्या पॅनलची पुढची कड तिच्या वर आत खोचलेली. उलटं लावलं तर हवा फटीत घुसणार. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन आटे लावा, एकही पूर्ण नको, सगळे लागतायत हे बघितलं की मध्यापासून बाहेरच्या बाजूला आवळत जा. टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या, नसेल आणि बुशही नसेल तर वॉशर हाताने फिरायचा थांबला की अगदी थोडं पुढे, बास. सुटण्याची भीती वाटत असेल तर नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला नट वापरा. थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, एबीएसला लागू देऊ नका, त्याने प्लास्टिकला चिरा जातात.

खालून बाहेर यायच्या आधी तीन-चार गोष्टी बघून घ्या. सायलेन्सर आणि पॅनलमध्ये दोन-तीन बोटं तरी अंतर हवं, आणि इंजिन रेस केल्यावर हलतं हे धरून अंतर बघा. मधली चमकदार हीट शील्ड खडखडत असेल तर तिची भोकं गंजून मोठी झालेली असतात, तिथेही मडगार्ड वॉशर. ब्रेकला किंवा गिअरबॉक्सला हवा द्यायचे डक्ट आणि पाणी जायची भोकं तुमच्या पट्टीखाली झाकली गेली नाहीत ना. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर कुठे घासतंय का. मग मुठीने पॅनलवर ठिकठिकाणी ठोका, जिथे खडखड वाजेल तिथे काहीतरी राहिलंय.

बोल्टच्या डोक्यावर आणि वॉशरवर मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा. पहिली चक्कर हळू, मग फडफड यायची त्या स्पीडपर्यंत, आणि ५०-१०० किमी झाले की परत एकदा खाली बघा, रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय, नुसता आवळू नका, खाली वॉशर किंवा बुश नीट बसलाय का ते बघा. पॅनल पक्कं असूनही फडफड येतच असेल तर चाकावरच्या कमानीच्या आतलं प्लास्टिकचं लायनर ओढून बघा, त्याची खालची कड बऱ्याच गाड्यांत याच पॅनलला जोडलेली असते आणि तिथली क्लिप गेली तरी आवाज अगदी तसाच येतो.