जपानला घरच्यांना घेऊन जाताय? आधी आईच्या जेवणाचं बघा, मग खरेदीचं

नागपूरहून आम्ही सहा जण गेलो होतो. मी, बायको, दोन पोरं, आई आणि दादा. आई पक्की शाकाहारी, दादा सावजीवाला, आणि पोरांना दर दोन तासांनी भूक. पहिल्याच दिवशी टोकियोत एका छोट्या हॉटेलात आईसाठी भाज्या घातलेला उदोन (रश्शातल्या जाड नूडल्स) मागवला, वरून बघितलं तर मांस नाही मासा नाही, आई छान आहे म्हणत खात होती, आणि रात्री मला कळलं की रस्सा माशाचा होता. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

तर सगळ्यात आधी दाशी हा शब्द पाठ करा. सुकवलेल्या बोनिटो माशाचा कीस पाण्यात उकळून गाळलेलं पाणी म्हणजे दाशी (कधी नुसत्या कोंबू शेवाळाचंही करतात पण ते कमी), आणि ते मिसो सूपमध्ये, उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्शात, भाज्यांच्या तेम्पुरासोबत (आपल्या भज्यांसारखा प्रकार) देतात त्या सॉसमध्येसुद्धा असतं. "नो मीट" म्हटलं की समोरचा मनापासून मान डोलावतो, पण दाशी त्याच्या हिशोबात मांसात येतच नाही. त्यामुळे "निकु, साकाना, दाशी ताबेरारेमासेन" म्हणा, म्हणजे मांस, मासा, दाशी चालत नाही. फोनवर जपानीत टाईप करून दाखवलं तर अजून बरं. पाकिटांवर आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो, तेव्हा मागची बाजू गुगल लेन्सने वाचायची, पुडिंग-जेलीत जिलेटिन (प्राण्यांपासून काढलेलं) असू शकतं.

आईला बिनधास्त देता येईल असं काय? भाजलेलं रताळं म्हणजे याकीइमो, सुपरमार्केटमध्ये गरम मिळतं, चतुर्थीचा उपास असला तरी सोय होते. काकडीचा कप्पामाकी (सुशीचा रोल), साधा भात, तांदळाचे गोड दाइफुकु. टोकियो स्टेशनात तिकीट गेटच्या आत टीज तानतान नावाच्या हॉटेलात पूर्ण व्हीगन रामेन (रश्शातल्या नूडल्स) मिळतं, तिथे सगळ्यांनी एकत्र बसता येतं. क्योतोत मंदिरांतलं शोजिन र्‍योरी हे जेवण एकदा तरी घ्या, मांस-मासाच काय कांदा-लसूणही नसतो, महाग आहे पण आईसाठी मी परत खर्च करीन. फक्त बुक करतानाच दाशी कसली ते विचारून घ्या. आणि हिवाळ्यात गेलात तर मिकान घ्याच, आपल्या संत्र्याच्या नात्यातलंच फळ, साल अलगद निघते आणि बिया जवळपास नाहीत.

इथून नेताना खाकरा, तिखटमिठाच्या पुऱ्या, उपमा-पोह्यांची पाकिटं, लोणचं न्या. ताजी संत्री, कढीपत्ता, भाज्या, मांसाचं काहीही नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. घरची किटलीही नको, तिथे वीज १०० व्होल्ट, आपली २३० ची किटली तापता तापत नाही, बहुतेक हॉटेलांत खोलीत किटली असतेच.

आता मुख्य गोष्ट. सहा जणांनी प्रत्येक वेळी एकाच टेबलावर जेवायचं हा हट्ट सोडा. रामेनची दुकानं आठ-दहा खुर्च्यांची असतात, दुपारी दादा आणि पोरं तिथे गेली की आम्ही आईला घेऊन दुसरीकडे. रात्री मात्र देपाचिका, म्हणजे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातलं खाण्याचं मार्केट. टोकियो स्टेशनला लागूनच दाइमारू आहे तिथलं छान. ज्याला जे हवं ते घ्यायचं (सॅलड-भाज्यांचे भाव बऱ्याचदा १०० ग्रॅमचे असतात, किलोचे समजू नका) आणि हॉटेलच्या खोलीत मांडून सगळ्यांनी एकत्र बसायचं. बंद व्हायच्या तासाभर आधी गेलं तर बऱ्याच डब्यांवर सवलतीचे स्टिकर लागतात, हांगाकु म्हणजे अर्धी किंमत. पार्सलवर कर ८ टक्के, तिथेच बसून खाल्लं तर १०. रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही, पिशवी जवळ ठेवा.

खरेदी शेवटच्या दोन दिवसांत, नाहीतर बुलेट ट्रेनमध्ये पिशव्या सांभाळत बसाल. मोठ्या बॅगा हॉटेलच्या काउंटरवरून ताक्युबिन म्हणजे कुरिअरने पुढच्या शहरात पाठवता येतात, टोकियो ते क्योतो साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, आईसोबत स्टेशनांचे जिने चढताना हे फार कामी आलं. भांडी-सुऱ्यांसाठी उएनो आणि आसाकुसाच्या मधला काप्पाबाशी हा बाजार, पण रविवारी बरीच दुकानं बंद. सुरी चेक-इन बॅगेतच. नातेवाइकांच्या छोट्या भेटींसाठी दाइसो हे स्वस्त वस्तूंचं दुकान, बहुतेक वस्तू करासकट ११० येन. राइस कुकर बघून मोह होतो, पण खाली १००-२४० व्होल्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, इथे लावला की जळेल.

टॅक्स फ्री म्हणजे पर्यटकांना मिळणाऱ्या करमाफीसाठी एका दुकानात एका दिवशी कर सोडून किमान ५००० येनची खरेदी लागते आणि मूळ पासपोर्ट लागतो, फोटो चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी करासकट पूर्ण पैसे भरायचे आणि परत निघताना विमानतळावर वस्तू तपासल्या गेल्या की कर परत मिळतो, म्हणजे तेव्हा घेतलेलं सामान बॅगेच्या तळाशी कोंबू नका आणि विमानतळावर दोन तास जास्तीचे ठेवा.