हातात काठी असताना : नव्या फौजदारासाठी

नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडलेल्या पोरांना पहिल्या महिन्यातच कुठेतरी बंदोबस्त लागतो. खांद्यावर नवेकोरे दोन स्टार, कमरेला पिस्तूल आणि समोर कुणीतरी आवाज चढवलेला. कलमं पाठ असतात, पण गर्दीसमोर त्यातलं नेमकं कुठलं आठवायचं ते कळत नाही. मी सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. हे लिहितोय ते नव्या फौजदारांसाठी, म्हणजे उपनिरीक्षकांसाठी. इतरांनी वाचलं तरी हरकत नाही. काठी कुठल्या हिशेबानं पडायला हवी हे पाठीच्या मालकालाही माहीत असावं.

एक कसोटी सांगतो, बाकी सगळं तिच्यातूनच येतं. जे बळ रात्री स्टेशन डायरीत जसंच्या तसं लिहिता येणार नाही, ते दिवसा वापरायचं नाही. कुणावर वापरलं, कशासाठी, कुणाच्या हुकमानं आणि थांबवलं कधी, हे लिहिताना पेन अडखळलं तर समजा काठी चुकीची पडली. "सौम्य बळाचा वापर करून जमाव पांगवला" असं एका ओळीत उरकायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. त्या 'सौम्य' शब्दावर गावात कुणाचाच विश्वास नसतो.

आधी पोटोबा, मग ब्रीफिंग

विसर्जनाचा बंदोबस्त धरा. माणसं सकाळी आठला पॉइंटवर उभी राहतात, मिरवणूक संपते मध्यरात्रीनंतर. दुपारचं जेवणाचं पाकीट चारला येतं, तेव्हा भाजी आंबलेली असते. लेडीज स्टाफला बाथरूमची सोय नसते म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. रात्री अकराला एखादं पोर गुलाल उधळत अंगावर येतं आणि शिपायाची काठी उठते. मग चौकशी होते, कसुरी म्हणजे कामात कसूर केल्याचा अहवाल निघतो. सकाळपासून तो शिपाई उपाशी होता, हे त्या कागदात कुठेच येत नाही.

म्हणून पहिलं काम जेवणाचं. एका पॉइंटवर एकटा माणूस ठेवू नका. दोघं ठेवा आणि अर्ध्या अर्ध्या तासानं एकाला बसू द्या. सकाळीच रूटवर चक्कर मारून लेडीज स्टाफसाठी दोन-तीन घरं किंवा दुकानं ठरवा. लोक आनंदानं देतात, फक्त विचारावं लागतं. पाण्याचे जार पॉइंटवर पोचले का, हे वायरलेसवर विचारू नका, स्वतः जाऊन बघा.

मग ब्रीफिंग, थोडक्यात. काठी कमरेखाली, डोक्यावर कधीच नाही. पाठ फिरवून पळणाऱ्यामागे धावायचं नाही. कुणाच्या घरात शिरायचं नाही, उभ्या गाड्या फोडायच्या नाहीत. नेमप्लेट रेनकोटाखाली लपवायची नाही. आणि आईबहिणीवरून शिवी नाही. माझ्या अनुभवात पाठीवरचा वळ पंधरा दिवसांत जातो, पण बायकोसमोर खाल्लेली शिवी माणूस पुढच्या पोळ्यालाही विसरत नाही.

हुकूम कुणाचा

बेकायदा जमावाला पांगायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो. प्रभारी हजर नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२९ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ मध्ये आहे. म्हणजे साहेब दुसऱ्या टोकाला असले आणि जमाव तुमच्यासमोर असला, तर तो हुकूम तुमच्या नावावर लागणार. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं गेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या राज्य राखीव दलाच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं २००९ मध्ये जन्मठेप सुनावली. तोही उपनिरीक्षकच होता. खांद्यावर तुमच्याएवढेच दोन स्टार.

इशारा मेगाफोनवर द्या, सावकाश, तीनदा, आणि एका शिपायाला त्याचं शूटिंग करायला सांगा. मी असं बोलायचो: "हा जमाव बेकायदा ठरवला आहे. दहा मिनिटांत पांगा. बाजारपेठेकडचा रस्ता मोकळा आहे, तिकडून जा." तिसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच बहुतेक अधिकारी विसरतात. चारी बाजूंनी कोंडून "पांगा" म्हणायला अर्थ नाही. नागपूरला २३ नोव्हेंबर १९९४ ला हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. पोलिसांनी लाठी चालवली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले, त्यात बायका-मुलं जास्त. तेव्हा आधी जायचा रस्ता उघडा, तो खरंच मोकळा आहे का ते माणूस पाठवून बघा, त्यानंतर तोंड उघडा.

अश्रुधूर वापरायची वेळ आली तर वारा कुठून वाहतोय ते बघा, आणि आसपास दवाखाना किंवा शाळा आहे का तेही. लाठी चालवलीच तर शिट्टीवर सुरू आणि शिट्टीवर बंद. जमावानं पाठ फिरवली की काम झालं. त्यानंतर पडणारा प्रत्येक फटका हा राग असतो, आणि राग काढायचा अधिकार कुठल्याच कलमानं दिलेला नाही.

एवढं करून वरचे लोक विचारतात, काम झालं का? मावळात ९ ऑगस्ट २०११ ला पवना जलवाहिनीविरुद्धचे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले, गोळीबारात तिघं गेले. ज्या जलवाहिनीसाठी एवढं झालं, तिचं काम पुढे वर्षानुवर्षं अडकून पडलं.

बारा वाजले

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद; सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. बाराच्या ठोक्याला नवा फौजदार काय करतो? दहा शिपाई घेऊन नाचणाऱ्या पोरांत घुसतो. तिथेच खेळ बिघडतो.

पोरं नाचायला आलेली असतात, डीजेवाला धंद्याला. गाडी त्याची, मिक्सर त्याचा, कर्जही त्याचंच. मुद्देमाल जप्त झाला तर पुढच्या सगळ्या सुपाऱ्या बुडणार, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आदल्या दिवशी मंडळाच्या बैठकीत त्याला बोलवा, गाडीचा नंबर आणि मोबाइल लिहून घ्या. साडेअकराला एकच हवालदार बरोबर घेऊन त्याच्याजवळ जा, घड्याळ दाखवा, परत या. पावणेबाराला मंडळाच्या अध्यक्षाला बाजूला घ्या. पोरांसमोर नाही, बाजूला. म्हणा, "दादा, शेवटचं गाणं तुम्ही सांगा, बंदचं माइकवर तुम्हीच जाहीर करा, मग आरती होऊ दे." अध्यक्षानं स्वतः बंद केलं की त्याची पत राहते आणि तुमचीही. तरी वाजतच राहिलं तर आवाज मोजा, पंचनामा करा, सकाळी गुन्हा दाखल करा. रात्री काठी काढून जे साधत नाही, ते सकाळचा पंचनामा करतो.

ठाण्यात

रस्त्यावरचं बळ निदान लोकांना दिसतं. चार भिंतींतलं दिसत नाही, आणि कुठल्याही ठाण्याची इज्जत खरी तिथेच जाते.

याला लोकही खतपाणी घालतात, हे सांगायलाच हवं. बाप स्वतः पोराला घेऊन येतो: "साहेब, लय माजलाय, जरा हिसका दाखवा." सरपंच म्हणतो, दोन ठेवून द्या, केस नको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रस्त्यावर उठाबशा काढायला लावल्याचे, काठ्या मारल्याचे व्हिडिओ लोकांनीच टाळ्या वाजवत फिरवले. त्या टाळ्यांवर जाऊ नका. त्याच बापाला उद्या पोराच्या पाठीवरचे वळ दिसले की तो वकील गाठतो, आणि बरोबरच करतो. अशा बापाला मी चहा पाजायचो, पोराला वेगळं बसवायचो आणि विचारायचो, पैसे कुणाचे घेतलेत? दहांतल्या आठांचं दुखणं ऑनलाइन जुगार नाहीतर दारू असायचं. त्यावर काठीचा उतारा नाही.

अटक करायचीच असेल तर कारण सांगा, नातेवाइकाला कळवा, अटकेच्या पंचनाम्यावर साक्षीदाराची सही घ्या, वैद्यकीय तपासणी लगेच करा आणि चोवीस तासांच्या आत कोर्टात उभं करा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून हे चालत आलंय, आता बरंचसं संहितेतच लिहिलंय. पळून जाऊ नये एवढंच बळ, त्याहून जास्त नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ (३) कलमाची, हजर राहा म्हणून सांगणारी नोटीस पुरते. उगाच बेड्या घालून गावातून फिरवण्याची हौस नको.

दुसऱ्या दिवशी

लाठी चालली असेल तर सकाळी त्या गल्लीत जा. गाडी लांब उभी करून चालत, दोनच माणसं घेऊन. जखमी कोण आहेत ते विचारा. पहिली दहा मिनिटं शिव्या पडतील, त्या ऐकून घ्या. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेली भिवंडी १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत शांत राहिली, कारण तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी आधीची काही वर्षं मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांची माणसं आणि ठाण्याचा स्टाफ भांडण नसतानाही एकत्र बसत होते. आपल्याकडे शांतता समितीची बैठक फक्त सणाआधी होते, पुढारी येतात, फोटो निघतो. ती महिन्याला घ्या आणि त्यात रिक्षावाला, भाजीवाली, मशिदीचा मौलवी आणि तालमीचा वस्तादही असू द्या.

आणि तुमच्याच माणसानं मारलं अशी तक्रार घेऊन कुणी ठाण्यात आलं, तर त्याला बसायला खुर्ची द्या. तक्रार घ्या, तपासणीसाठी दवाखान्याच्या नावानं यादी म्हणजे पत्र द्या, पोच द्या. त्या वेळेचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ठाण्यातलं फुटेज अठरा महिने जपायला सांगितलंय. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग मुंबईत आहेत, हे त्याला तुम्हीच सांगा, आयोगाकडे एका वर्षाच्या आत जावं लागतं हेही. ठाण्यातला स्टाफ चार दिवस तुमच्याशी धड बोलणार नाही. पाचव्या दिवशी हजेरीला मात्र सगळ्यांच्या नेमप्लेट जागेवर असतील.