एअरेशन टँकवरची तपकिरी साय कशी उतरवायची

सांडपाणी केंद्रातल्या एअरेशन टँकवर (जिथे हवा सोडून जिवाणूंकडून पाणी साफ करून घेतात) फेस दिसला की डिफोमरचा, म्हणजे फेस मारणाऱ्या रसायनाचा, कॅन उघडायची घाई नको. आधी रंग पाहा. पांढरा, साबणासारखा, वाऱ्याने उडणारा फेस बहुधा नव्याने सुरू झालेल्या टँकवर असतो. एमएलएसएस (टँकमधल्या गाळाचं प्रमाण) वाढला की तो ओसरतो. तपकिरी, तेलकट, फवाऱ्यालाही न दबणारी साय मात्र तंतुमय जिवाणूंची.

सायीचा थेंब काचपट्टीवर पसरून वाळवा, ग्रॅम स्टेन करा आणि १००० पट मोठं करून पाहा. जांभळे, आखूड, फांद्या फुटलेले तंतू म्हणजे नोकार्डिया गट. जांभळेच, पण बिनफांद्यांचे, गुंता झालेल्या दोऱ्यासारखे असतील तर मायक्रोथ्रिक्स. हा थंडीत जोर धरतो. दोघांनाही तेल-चरबी लागते, जुना गाळ मानवतो. त्यांचं अंग पाणी धरत नाही, म्हणून बुडबुड्यांना चिकटून ते वर येतात. त्यामुळे एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो याचा आकडा) १०० म्हणजे चांगला असूनही टँक फेसाने भरू शकतो. गाळ न बसणं हे दुखणं वेगळं.

उपाय म्हणजे गाळाचं वय (यंत्रणेतला एकूण गाळ भागिले रोज काढलेला गाळ) उतरवणं. समजा, यंत्रणेत ३५०० किलो गाळ आहे आणि रोज ८००० मिग्रॅ/लिटरचा २० घनमीटर गाळ काढता. म्हणजे दिवसाला १६० किलो, वय साधारण २२ दिवस. काढणी रोज फार तर १० टक्क्यांनी वाढवा. आज २२ घनमीटर. अमोनिया रोज मोजा. तो चढू लागला तर तिथेच थांबा, नायट्रिफिकेशनचे (अमोनियाचं नायट्रेट करणारे) जिवाणू वाहून जायला लागलेत.

साय मात्र वरूनच काढून बाहेर न्या. ती पुन्हा इनलेटला सोडणं म्हणजे विरजण लावणं. डायजेस्टरमध्ये (गाळ कुजवायच्या टाकीत) ढकलली तर तिथे फेस उसळतो. टँकच्या आडव्या भिंतींमागे साय अडकत असेल तर तिला वाट करून द्या. ग्रीस ट्रॅपही (तेल-चरबी अडवणारी टाकी) तपासा.

रिटर्न स्लजमध्ये (टँकमध्ये परत सोडल्या जाणाऱ्या गाळात) क्लोरीन? १००० किलो गाळामागे दिवसाला २ ते ३ किलो, म्हणजे वरच्या उदाहरणात २.५ किलोच्या हिशेबाने ८.७५ किलो, लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन असलेलं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) सुमारे ८८ लिटर. गाळ फुगण्यावर (तो नीट न बसण्यावर) हा उपाय चांगला चालतो, नोकार्डियावर कमी, कारण नोकार्डिया वर सायीत बसलेला असतो आणि फ्लॉकच्या (जिवाणूंच्या गुठळीच्या) आतही. आउटलेटचं पाणी दुधाळ झालं की डोस लगेच बंद.