सी ड्राइव्ह भरलाय, पण कशाने? न दिसणारी जागा शोधून मोकळी करायची रीत

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली असते. डॉक्युमेंट्स, फोटो आणि डाउनलोड्स सगळं मिळून मोजलं तर ४० जीबीसुद्धा भरत नाही, मग बाकीची जागा गेली कुठे? बहुतेक जण इथे घाईने हाताला लागेल ते पुसायला घेतात, नाहीतर एखादं ‘क्लीनर’ सॉफ्टवेअर टाकतात. दोन्ही चूक. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने डिस्कवर नाव घेण्याइतकी जागा मोकळी होत नाही, झालंच तर विंडोज बिघडतं. आधी मोजायचं, मग जी फाइल ज्या प्रोग्रॅमने बनवली तिला त्याच प्रोग्रॅमच्या हातून काढायचं. या लेखात विंडोज १० आणि ११ धरलं आहे.

एक हिशेब सुरुवातीलाच करून टाका. २५६ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते, ५१२ ची ४७६ च्या आसपास आणि १ टीबीची ९३१. दुकानदाराने यात फसवलेलं नसतं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. ही जागा हरवलेली नाही, ती शोधू नका.

मोजणी

फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघण्याने खरा आकडा कळत नाही. लपवलेले असल्याने सिलेक्टच न झालेले फोल्डर, दुसऱ्या युजरचं खातं आणि सिस्टमचे काही फोल्डर त्यात धरलेच जात नाहीत. यासाठी विझट्री किंवा विनडरस्टॅट हे डिस्क मोजणारं सॉफ्टवेअर वापरा. विझट्री एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टम) ड्राइव्हची फाइलयादी थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत उत्तर देतं. ते घरगुती वापराला मोफत आहे, धंद्याच्या ठिकाणी मात्र परवाना लागतो. विनडरस्टॅट सगळ्यांना मोफत आहे, पण त्याची जुनी आवृत्ती सावकाश चालते. दोन्हींपैकी कोणतंही घ्या, पण आयकॉनवर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. तसं उघडलं नाही तर नेमक्या संशयित फोल्डरांची यादी अर्धवट येते.

स्कॅन झाल्यावर सगळ्यात मोठे दहा फोल्डर आणि सगळ्यात मोठ्या वीस फाइल्स वहीत लिहून घ्या. इतक्यात काही पुसू नका.

विंडोजने स्वतः अडवलेली जागा

सी ड्राइव्हच्या मुळाशीच एक मोठी फाइल सापडेल, ‘हायबरफिल डॉट सिस’. हायबरनेट करताना, म्हणजे उघडं काम तसंच ठेवून मशीन बंद करताना, रॅममधला मजकूर तिच्यात उतरवला जातो. साधारण रॅमच्या ४० टक्के जागा ती धरून ठेवते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सुमारे साडेसहा जीबी. डेस्कटॉपवर हायबरनेट सहसा कोणी वापरत नाही, तिथे ती काढून टाकायला हरकत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘एच’, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’, आणि एंटर. फाइल लगेच नाहीशी होते. यासोबत फास्ट स्टार्टअपही बंद होतं, पण एसएसडी असेल तर सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात. लॅपटॉपवर हायबरनेट वापरत असाल तर ही फाइल तशीच राहू द्या.

तिच्याच शेजारी ‘पेजफाइल डॉट सिस’ असते, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं. तिला हात लावू नका. ८ जीबी रॅमच्या मशीनवर मोठं ड्रॉइंग किंवा व्हिडिओ उघडतो तो बऱ्याचदा तिच्या जोरावर.

‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर विंडोज १० वरून ११ वर गेल्यावर तयार होतो. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बऱ्याच मशीनवर अलीकडेच अपग्रेड झालेलं असतं आणि जुनं अख्खं विंडोज या फोल्डरमध्ये पडून असतं. मागे जाण्याची सोय राहावी म्हणून तो १० दिवस ठेवला जातो. नंतर तो आपोआप जायला हवा, पण प्रत्येक वेळी जातोच असं नाही. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या वाटेने जा आणि ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करून काढा. त्याआधी प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन हे सगळं नव्या विंडोजवर चालतंय ना, ते तपासून घ्या. हा फोल्डर गेला की परतीची वाट बंद.

त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ नावाची एक चौकट असते. तिच्यावर टिक करू नका. बँकेची स्टेटमेंट्स, सातबारा, जीएसटीची चलनं, आधारची पीडीएफ हे सगळं बहुतेकांच्या डाउनलोड्समध्येच असतं आणि या वाटेने पुसलेलं रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

यानंतर डिस्क क्लीनअप उघडून ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा आणि ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ निवडा. ‘विनएसएक्सएस’ नावाचा जो फोल्डर विझट्रीत अवाढव्य दिसला असेल, तो कमी करण्याची ही योग्य वाट आहे. तिथे दिसणारा आकडा पूर्ण खराही नसतो. त्यातल्या बऱ्याच फाइल्स आणि विंडोजच्या इतर फोल्डरांतल्या फाइल्स डिस्कवर एकच असतात, फक्त दोन ठिकाणी नोंदलेल्या. एकाच शेताचे दोघांच्या नावचे उतारे बघून क्षेत्र दुप्पट धरावं, तसा तो हिशेब होतो. हा फोल्डर हाताने पुसला तर पुढचं अपडेट अडतं, कधी विंडोज सुरूच होत नाही.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाता यावं म्हणून विंडोजने ठेवलेल्या सिस्टमच्या नोंदी, हे सगळ्यात लपून राहणारं गिऱ्हाईक. ते ज्या फोल्डरमध्ये असतात तो साध्या नजरेला शून्य बाइटचा दिसतो. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा. ‘करंट युसेज’समोर खरा आकडा दिसेल. ‘मॅक्स युसेज’ची पट्टी ५ टक्क्यांवर आणा. २३८ जीबीवर ते सुमारे १२ जीबी होतात आणि तेवढे पुरतात. सगळे पॉइंट पुसून ही सोय कायमची बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नका. एखादा ड्रायव्हर बिघडला की हीच सोय कामाला येते.

धंद्याच्या मशीनवर साचलेला ढीग

इथवर विंडोजचा भाग झाला. नाशिकमधल्या कामाच्या मशीनवर खरी जागा खातात ती कामाची सॉफ्टवेअर्स, आणि क्लीनर त्यांच्याकडे बघतही नाही.

फ्लेक्स आणि छपाईवाल्यांकडे, मग काम सिंहस्थाचं असो की लग्नपत्रिकेचं, कोरलड्रॉ मूळ फाइलशेजारी ‘बॅकअप ऑफ’ने सुरू होणारी दुसरी फाइल ठेवत जातं. ४०० एमबीचं बॅनर म्हणजे जवळपास ८०० एमबीची जागा. एक्सप्लोररमध्ये या नावाने शोधा, शब्दांच्या मधे अंडरस्कोअर टाका. ज्या कामाचं बिल होऊन ते संपलं आहे, त्यांचेच बॅकअप काढा. चालू कामाचा बॅकअप ठेवा. लाईट गेली आणि मूळ फाइल उघडेनाशी झाली, तर तोच वाचवतो. फोटोशॉप अचानक बंद पडलं तर ‘फोटोशॉप टेम्प’ नावाच्या काही जीबीच्या फाइल्स मागे राहतात. फोटोशॉप पूर्ण बंद करूनच त्या पुसा, आणि प्रेफरन्सेसमधल्या ‘स्क्रॅच डिस्क्स’मध्ये सीऐवजी दुसरा ड्राइव्ह निवडा.

छपाईच्याच मशीनवर प्रिंटरची रांगही तपासा. अडकलेली कामं विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये राहतात आणि एकेका मोठ्या डिझाइनची फाइल शेकडो एमबीची असू शकते. सर्व्हिसेस उघडून ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, त्या फोल्डरमधल्या फाइल्स पुसा (फोल्डर नाही), स्पूलर पुन्हा सुरू करा. काही दिवसांत ढीग परत झाला, तर प्रिंटर प्रॉपर्टीजच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’वर टिक झालेली असणार. ती काढा. छापून झालेलं प्रत्येक काम ती साठवून ठेवते.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमध्ये ऑटोकॅड चालत असेल तर प्रत्येक ड्रॉइंगशेजारी ‘बीएके’ (इंग्रजी बी, ए, के) एक्स्टेन्शनची जुळी फाइल असते. नियम तोच, संपलेल्या ऑर्डरींची काढा. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी प्रीमियर प्रोच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘मीडिया कॅश’ (प्रोग्रॅमने बनवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) बघावं. तिथल्या ‘डिलीट’ने न लागणारं कॅश काढता येतं. मूळ शूटिंगला धक्का लागत नाही, प्रोजेक्ट पुढच्या वेळी उघडताना कॅश नव्याने बनतं, तेवढा वेळ लागतो.

टॅलीच्या मशीनवर रोजचा बॅकअप नव्या तारखेच्या फोल्डरमध्ये सी ड्राइव्हवरच घेतला जात असेल, तर वर्षभरात तीनशेच्या वर पूर्ण प्रती जमतात. मार्चअखेरचे सगळे आणि शेवटचे सात दिवस ठेवा, तेही बाहेरच्या हार्ड डिस्कवर. सी ड्राइव्हच गेला तर त्याच्यावरचा बॅकअप कुणाच्या कामाचा?

घरच्या लॅपटॉपवर व्हॉट्सअ‍ॅपचं अ‍ॅप आणि आयफोनचे जुने बॅकअप बघा. व्हॉट्सअ‍ॅपचं साठवलेलं सगळं युजरच्या ‘अ‍ॅपडेटा’, ‘लोकल’, ‘पॅकेजेस’मध्ये असतं. आयफोनचा बॅकअप फोल्डरमधून न पुसता आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हायसेसमधून काढा.

मोकळी केलेली जागा पुन्हा भरतेय?

संध्याकाळी मोकळी जागा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. काही काम न करता दोन-चार जीबी गेले असतील तर कोणीतरी सतत लिहितंय. ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडा, डिस्क टॅबमध्ये ‘राइट’च्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलमध्ये लिहितोय ते समोर दिसतं.

यातला एक जुना, ओळखीचा दोष असा. विंडोज, टेम्प फोल्डरमध्ये ‘कॅब’ने सुरू होणाऱ्या, शंभरेक एमबीच्या फाइल्सची रांग लागते आणि पुसल्या तरी परत येते. विंडोज अपडेटची लॉग फाइल २ जीबीच्या पुढे गेलेली असते. ती दाबून छोटी करायचा प्रयत्न दर वेळी फसतो आणि अर्धवट फाइल मागे राहते. नुसता टेम्प साफ करून हे थांबत नाही. सर्व्हिसेसमध्ये ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ थांबवा, विंडोज, लॉग्ज, सीबीएसमधल्या लॉग फाइल्स पुसा, मग टेम्पमधल्या त्या ‘कॅब’ फाइल्स पुसा आणि मशीन रिस्टार्ट करा.

जुन्या मशीनवर सी १०० जीबीचा आणि डी रिकामा, अशीही वाटणी केलेली आढळते. तिथे पार्टिशन वाढवण्याच्या फंदात आधी पडू नका. डाउनलोड्स फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब, ‘मूव्ह’ असं करून तो डीवर न्या. व्हिडिओ आणि पिक्चर्सचंही तसंच. २३८ जीबीच्या सीवर किमान ३० जीबी मोकळे असावेत. त्याहून फार कमी झाले की मोठी अपडेट्स अडू लागतात आणि मशीनही रेंगाळतं.

एवढं करूनही विझट्रीतली बेरीज आणि ड्राइव्हचा ‘युज्ड’ आकडा यांत मोठी तफावत उरली आणि रिस्टोअर पॉइंटने तिचा उलगडा होत नसेल, तर फाइल सिस्टमची नोंद बिघडलेली असू शकते. कामाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’, मग ‘चेक’ दाबा. दोष सापडला तर दुरुस्ती रिस्टार्टच्या वेळी होते आणि मोठ्या हार्ड डिस्कवर तिला काही तास लागू शकतात. ती सुरू असताना लाईट जाता कामा नये. यूपीएसचा भरवसा असेल तरच दिवसा करा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.