मित्राच्या निबंधावर ऑनलाइन कमेंट करताय? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे पहिल्या ओळीपासूनच शुद्धलेखन तपासायला बसणं. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, हा शब्द नको तो घे, असं करत मार्जिन कमेंट्सनी भरून जातं आणि मुद्दा पटला का, यावर मात्र एक अक्षर नाही. त्यातला अर्धा परिच्छेद पुढच्या ड्राफ्टमध्ये उडणारच असेल तर त्यातली वेलांटी सुधारून काय मिळालं? आधी काहीही न लिहिता अख्खं लिखाण वाचा, मग मोठे दोन-तीनच मुद्दे धरा, शुद्धलेखन शेवटच्या ड्राफ्टला.

दुसरं म्हणजे 'क्लिअर नाही', 'नीट कर', 'मस्त' एवढंच लिहून सोडणं, आणि तेही पूर्ण परिच्छेद सिलेक्ट करून. समोरच्याने करायचं काय नेमकं? जिथे अडलात तेवढंच वाक्य हायलाइट करा आणि वाचताना काय झालं ते सांगा. उदा. 'इथे तू म्हणतोस मोबाईलमुळे वाचन कमी झालं, पण उदाहरण झोपेचं दिलंयस, मला दोन्ही जोडता आलं नाही, वाचनाचंच एखादं देता येईल का?' कौतुकही असंच करा, काय आवडलं आणि का, म्हणजे तो ते पुन्हा करू शकेल.

गूगल डॉक्समध्ये एडिटिंग मोडमध्ये जाऊन थेट वाक्यं बदलू नका प्लीज, ते लिखाण त्याचं आहे. बदल फक्त सुचवणारा सजेस्टिंग मोड आहेच, पण त्यातही आख्खी वाक्यं लिहून दिलीत तर समोरचा विचार न करता अ‍ॅक्सेप्ट दाबत जातो आणि शिकत काहीच नाही, त्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा.

आता टेक्निकल अडचणी. कमेंटचा ऑप्शनच येत नसेल तर बहुतेक तुम्हाला फक्त व्ह्यूअर अ‍ॅक्सेस दिलाय, कमेंटर मागून घ्या. कमेंट गायब झाली तर कोणीतरी रिझॉल्व्ह केली (म्हणजे काम झालं म्हणून बंद केली) असेल, ती सगळ्या कमेंट्सच्या यादीत सापडते. डॉकची कॉपी काढताना कमेंट्सही कॉपी करायच्या ऑप्शनवर टिक करायची राहून गेली तर नव्या फाईलमध्ये एकही येत नाही. हायपोथेसिस (वेबपेज किंवा पीडीएफवर नोट्स लिहायचं टूल) वापरत असाल आणि तुमच्या नोट्स मित्राला दिसत नसतील तर 'ओन्ली मी'वर पोस्ट झाल्यात का बघा, आणि लिहिण्याआधी वर्गाचा ग्रुप निवडा, कारण 'पब्लिक'वर टाकलेलं कोणीही वाचू शकतं, कच्च्या ड्राफ्टवरची टीका अशी चारचौघांत जायला नको. पीडीएफमध्ये मजकूर सिलेक्टच होत नसेल तर ती स्कॅन केलेली असणार, ओसीआर करून घ्या (म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा सिलेक्ट होणारा मजकूर करणं) किंवा सरळ मूळ फाईल मागा.