आठळीच्या स्टार्चचं अ‍ॅसिटिलेशन : या चुका टाळा

अ‍ॅसिटिलेशन म्हणजे स्टार्चला अ‍ॅसिटिल गट जोडणं. टायट्रेशनमध्ये, म्हणजे किती अल्कली खर्च झाली त्यावरून गट मोजण्याच्या चाचणीत, डीएस (गट किती लागले त्याचं माप) ०.०७ आला, म्हणून बॅच जमली असं होत नाही. ग्लुकोजच्या १०० घटकांमागे ७ अ‍ॅसिटिल गट, एवढीच ती सरासरी. गट कणांत खोलवर पसरलेत की वरच्या थरातच दाटलेत, हे तिच्यातून कळत नाही. म्हणूनच सारख्या डीएसच्या दोन बॅचपैकी एकीची खळ फ्रीजमध्ये टिकते आणि दुसरी पाणी सोडते.

कोकणातल्या पावसाळ्यात पहिली चूक काट्यावरच होते. नेहमीचं माप १६२ ग्रॅम स्टार्चला २२० मिली पाणी आणि १०.२ ग्रॅम अ‍ॅसिटिक अनहायड्राइड (अ‍ॅसिटिल गट देणारं रसायन). हे १६२ ग्रॅम कोरडे धरलेले आहेत. ओलावा १८ टक्के असेल तर १९८ ग्रॅम घ्या आणि त्यातलं ३६ ग्रॅम पाणी २२०मधून वजा करा.

खरी गडबड अनहायड्राइड घालताना होते. हा घाईचा रेणू आहे; आत झिरपण्याआधीच जिथे पडतो तिथे चिकटतो. एकदम ओतलात तर कणाचा पृष्ठभाग भरतो, गाभा कोरा राहतो. थेंबथेंब घाला, ढवळणं थांबवू नका, ३ टक्क्यांच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने पीएच ८.० ते ८.४ ठेवा. त्याखाली अभिक्रिया रेंगाळते, ८.५च्या वर गेलं की लागलेले गट सुटू लागतात. १० टक्क्यांचं कॉस्टिक वापरलंत तर थेंब पडेल तिथे कण फुगून गाठी होतात. तापमान २५ अंश हवं. मे महिन्यात नळाचंच पाणी ३०च्या पुढे असतं, तेव्हा भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. शेवटचा थेंब पडल्यावर १० मिनिटं थांबून पीएच ४.५वर आणा. एवढं करूनही साधारण ७० टक्केच अनहायड्राइड कामी येतं.

धुताना वरचं गढूळ पाणी उपसून टाकू नका. बारीक कण उशिरा बसतात आणि अ‍ॅसिटिल बहुधा त्यांच्यावरच जास्त असतं, म्हणजे नेमका तोच माल मोरीत जातो. गाळून धुवा.

शंका आली तर उंच नळीत कण बसू द्या आणि वरच्या-खालच्या थरांचं अ‍ॅसिटिल वेगवेगळं मोजा. ब्लँकसाठी, म्हणजे तुलनेच्या टायट्रेशनसाठी, त्याच लॉटचा मूळ स्टार्च घ्या, कारण स्टार्चमध्ये उरलेलं प्रथिनही अल्कली खातं.

गट आतपर्यंत समान हवे असतील तर अनहायड्राइडऐवजी प्रोपिलीन ऑक्साइड बरं; त्यातून अ‍ॅसिटिलऐवजी हायड्रॉक्सीप्रोपिल गट लागतात. ते सावकाश लागतं, पण ४० अंशाला २४ तास आणि कण फुगू नयेत म्हणून सोडियम सल्फेट लागतं.