पन्हाळा ते पावनखिंड, भर पावसात

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते धो धो पावसात. म्हणून ही पन्नासेक किलोमीटरची वाट लोक जुलैतच चालतात. मी पाचदा चालले. पहिल्यांदा नवाकोरा रेनकोट घालून गेले आणि आतून घामानं, बाहेरून पावसानं सारखीच भिजले. तेव्हा भिजणार नाही हा हट्ट घरीच ठेवा. कोरडं राहायचंय ते फक्त रात्री.

त्यासाठी सॅकवरच्या कव्हरवर विसंबू नका. पाठीकडून पाणी आत येतंच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला. तिच्यात पांघरूण, एक जोड कपडे, दोन जोड मोजे. तोंड पिळून, दुमडून बांधा. मुक्कामाच्या गावात पोचेपर्यंत ती उघडायची नाही, कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी.

बूट नवे नकोत. नखं चार दिवस आधी कापा, निघताना बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन भरा. दुसऱ्या दिवशी लंगडणारे सगळे हेच विसरलेले असतात.

म्हाळुंग्याच्या पुढं मसाई पठार. इथं पाऊस आडवा येतो आणि पोंचो उलटा होऊन तोंडावर बसतो. (खाली वाकून लावण करणाऱ्या बायकांचं इरलं बघा, कसं पाठीवर गप्प बसतं!) धुकं उतरलं आणि पुढचा माणूस दिसेना झाला, की जागेवरच थांबा, शिट्टी मारा. वाट शोधत कड्याकडं जाऊ नका. जांभ्यावर शेवाळ असतं, पाय सपाट टाका.

ओढ्यांची खरी भीती. पाणी गढूळ होऊन चढायला लागलं, गुडघ्याच्या वर गेलं, तर बसून राहा. वरचा पाऊस थांबला की बऱ्याचदा तास-दोन तासांत उतरतं. उतरलं नाही तर माघारी गावात. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडा; पडलात तर ती टाकून देता आली पाहिजे. खुळ्यासारखी साखळी करून घाई करणारे मी पाहिलेत, एक घसरला की चौघं खाली.

जळवांना तंबाखूचं पाणी मोज्यांवर शिंपडा. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. उभ्यानं खाता येतं.

करपेवाडीच्या आसपास पहिला मुक्काम पडतो. तिथं पिशवी उघडा, कोरडे कपडे घालून झोपा. सकाळी मात्र ते काढून पुन्हा पिशवीत, आणि कालचे ओले, गार कपडे अंगावर. पाच मिनिटं शिव्या येतात. येऊ द्यात.